मिल लॅक्सवर वॉलआयची कौटुंबिक सहल: आधी वारा, मग घर, गळ सगळ्यात शेवटी

मे उजाडला की ट्विन सिटीजमधल्या, म्हणजे मिनेसोटातल्या मिनिआपोलिस-सेंट पॉलमधल्या, ओळखीच्या कुणाचा तरी फोन येतो. विषय एकच: वॉलआय, इथल्या तळ्यांतला मासा. "या समरला मुलांना घेऊन वॉलआय धरायला जायचंय. रॉड कुठला घेऊ?" खरं तर हा प्रश्न सहावा. बहुतेकांची सहल तो पहिला विचारल्यामुळेच फसते. आधी दुकानात खिसा रिकामा होतो, मग तलाव ठरतो, मग कळतं की रिसॉर्टात जागा उरलेली नाही. नियम कुणी वाचलेलेच नसतात. शेवटी शनिवारी टळटळीत दुपारी, सुसाट वाऱ्यात, भाड्याच्या बोटीत सगळं कुटुंब डुलत बसतं आणि "या तळ्यात मासेच नाहीत" असं म्हणत परत येतं.

मासे असतात. क्रम उलटा झालेला असतो.

खालचे टप्पे मिल लॅक्स हा तलाव डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. मिनिआपोलिसच्या उत्तरेला साधारण शंभर मैलांवर, १ लाख ३२ हजार एकरांचा, आणि एवढा पसारा असूनही सर्वांत खोल जागी जेमतेम ४२ फूट. तुमचा तलाव दुसरा असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## १. तलाव आणि आठवडा (जानेवारी)

पहिल्या सहलीला लांबचा तलाव नको. मिल लॅक्स दोन तासांच्या आत येतो. लीच लेक सुंदर आहे, पण मुलांसोबत थांबत-थांबत गेलात तर अर्धा दिवस गाडीतच जातो. लेक ऑफ द वूड्सचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तिथे वॉलआयही भरपूर. पण बॉडेट गावापर्यंतच पाच तासांची वाट आहे, आणि आपल्या लोकांसाठी तिथे एक वेगळी गोम आहे.

सावधान: लेक ऑफ द वूड्सच्या मधून अमेरिका-कॅनडाची सीमा जाते. पाण्यावर भिंत नसते, मासा शोधत बोट कधी पलीकडे गेली ते समजत नाही. पलीकडे गळ टाकायला ऑन्टारिओचा परवाना लागतो. नॉर्थवेस्ट अँगल, म्हणजे तलावापलीकडे तुटून राहिलेला मिनेसोटाचा तुकडा, तिथलं रिसॉर्ट घेतलंत तर रस्ताच मॅनिटोबातून जातो. भारतीय पासपोर्टवर, एच-वन-बी असो की भेटीला आलेले आई-बाबा, कॅनडाचा व्हिसा हवा आणि परत येण्याचे कागदही चोख हवेत. वॉलआयपायी हा घोळ अंगावर घेऊ नका.

आता आठवडा. वॉलआयचा हंगाम मे महिन्याच्या मध्याला उघडतो आणि हौशी लोक त्याच शनिवारी धावतात. तुम्ही धावू नका. तेव्हा पाणी इतकं थंड असतं की कुणी बोटीतून पडलं तर हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. कुटुंबासाठी जूनचा मध्य ते जुलैचा पहिला आठवडा हा काळ बरा. जूनमध्ये एक शनिवार-रविवार असाही असतो, ज्यात मुलांना सोबत घेऊन जाणाऱ्या मिनेसोटाच्या रहिवासी प्रौढांना परवान्याशिवाय मासे धरता येतात. कसं जमतंय ते आधी बघायचं असेल त्यांना तो उत्तम.

जूनच्या उत्तरार्धात मेफ्लाय नावाचे कीटक तळातून लाखोंनी वर येतात. रिसॉर्टच्या भिंती, गाडीची काच, सगळं माखून जातं. त्या दिवसांत वॉलआयचं पोट गच्च भरलेलं असतं आणि तो तुमच्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. याची तारीख आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून निदान तीन रात्रींचा मुक्काम धरा.

## २. मुक्काम (जानेवारी-फेब्रुवारी)

ऐन हंगामात बरीच रिसॉर्टं शनिवार ते शनिवार अशीच केबिन देतात. दोन-तीन रात्री हव्या असतील तर जूनचा पूर्वार्ध किंवा आठवड्यामधले वार विचारा. फोटो बघून बुकिंग करू नका, फोन करा आणि हे विचारा:

- धक्का बंदिस्त आहे का? म्हणजे दगडी बांध घालून लाटा अडवल्यात का, की बोट थेट उघड्या पाण्यात निघते?
- भाड्याची बोट किती फुटी? मोटर किती हॉर्सपॉवरची? खोली दाखवणारं यंत्र बसवलेलं आहे का?
- मुलांच्या वजनाची लाइफ जॅकेटं आहेत का?
- मासे साफ करायला जाळी लावलेली खोली आहे का?
- धक्क्यावरून सनफिश किंवा पर्च हे छोटे मासे लागतात का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सहा वर्षांच्या मुलाला वॉलआय आणि तळहाताएवढा सनफिश यांत काही फरक वाटत नाही. बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, बुडाला की मूल नाचतं. वारा सुटला तर अख्खी सहल त्या धक्क्यावरच साजरी होणार आहे.

## ३. नियम आणि परवाने (एप्रिल, आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात)

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण गेल्या वर्षी कुणीतरी सांगितलेलं लक्षात ठेवून जातात.

मिनेसोटाचं मासेमारीचं पुस्तिका-वर्ष आणि परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं. फेब्रुवारीत हौसेने घेतलेला वार्षिक परवाना उन्हाळ्यापर्यंत संपलेला असतो. राज्यभराचे नियम एक, आणि मिल लॅक्सचे त्याहून वेगळे. तिथले वॉलआयचे नियम डीएनआर म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं दर वर्षी स्वतंत्र जाहीर करतं, आणि ते हंगामाच्या मध्येही बदलू शकतात. काही वर्षी तिथे भर जुलैत वॉलआय धरायलाच बंदी होती; काही वर्षी रात्री दहानंतर. म्हणून एप्रिलमध्ये एकदा वाचा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा.

वाचताना तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: माणशी किती मासे ठेवता येतील, किती इंच ते किती इंच लांबीचे ठेवता येतील, आणि कोणत्या वेळी बंदी आहे. लांबीच्या या पट्ट्याला तिथे स्लॉट म्हणतात. तो कधी "एवढेच ठेवा" असा असतो, कधी "एवढे सोडून द्या" असा. हा उलटसुलटपणा नीट वाचा, दंड इथेच होतो.

परवाना कुणाला:

- १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. त्याखालच्या मुलांना नको.
- भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बाहेरच्यांसाठी असलेला परवाना. तो एक दिवस, तीन दिवस, सात दिवस असा मिळतो. "बाबा फक्त पाच मिनिटं धरतील" याला कायद्यात जागा नाही, गळ हातात आला की परवाना हवा.
- नवरा-बायको दोघंही रहिवासी असाल तर जोडप्याचा एकत्र परवाना विचारा, स्वस्त पडतो.

सावधान: मिल लॅक्सवर उघड्या पाण्यात माणशी एकच गळ. दोन रॉड टाकून बसायची मुभा तिथे फक्त बर्फावरच्या मासेमारीत. मुलगा कंटाळून झोपला की त्याचा रॉड बाबांनी सांभाळायचा, हा आपला लाडका प्रकार म्हणजे दोन गळ.

## ४. बोट आणि माणसं

पहिल्या दिवशी भाड्याची बोट घेऊ नका. मिल लॅक्सवर लॉन्च नावाचा प्रकार आहे: मोठी सपाट बोट, चालवायला परवानाधारक कॅप्टन, माणशी तिकीट, साधारण चार तासांची फेरी. रॉड आणि आमिष बहुधा तेच देतात. मासेमारीचा परवाना मात्र तुमचा तुम्हालाच लागतो. त्या चार तासांत कॅप्टन कुठे थांबतो, किती फुटांवर आमिष सोडायला सांगतो, वाऱ्याची कोणती बाजू धरतो, ते बघा आणि टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते आयतं वापरता येतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याची सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट. कागदावर तिची क्षमता कितीही असो, सामानासकट चार माणसं म्हणजे ती भरली. पाचवं माणूस धक्क्यावर सनफिश धरेल.

मोटरबोट चालवायला तरुणांना आता प्रशिक्षणाचा परवाना लागतो. हा कायदा १ जुलै २०२५ला लागू झाला आणि त्याची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढते आहे. कॉलेजातला भाचा बोट चालवणार असेल तर आधी त्याचं बघा.

धक्का सोडण्याआधीची तपासणी: प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांच्या अंगावर ते असणं कायद्याने सक्तीचं आहे, पण तुम्ही सगळ्यांनीच घाला. मोठ्यांनी काढलं की मुलं काढतात. सोळा फूट किंवा त्याहून लांब बोटीत पाण्यात फेकायची तरंगती गादीही हवी. प्लग, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी सोडायच्या भोकाचं बूच, बसवलाय का ते हात लावून बघा. शेवटी किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघा: कुठे जातोय, किती वाजता परत.

## ५. वारा: जायचं की नाही

मिल लॅक्स परातीसारखा आहे. गोल, उथळ, मध्ये आडोसा जवळजवळ नाही. पंधरा मैलांच्या आसपास मोकळं पाणी, त्यावरून वारा आला की उथळ तळामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात. समुद्राची लांबलचक लाट बोटीला उचलून खाली ठेवते. इथली लाट थपडा मारते.

थोडा वारा वॉलआयला आवडतो. पृष्ठभाग हलला की खाली उजेड कमी पोचतो आणि तो खायला निघतो. त्यामुळे अनुभवी लोक वारा झेलणाऱ्या किनाऱ्याला जातात. तुम्ही त्यांचं बघून जाऊ नका. त्यांच्या बोटी वीस फुटी असतात.

लहान बोट आणि सोबत मुलं, यासाठी माझं गणित साधं आहे:

- ताशी १० मैलांपर्यंत वारा: जा.
- १० ते १५: फक्त वारा जिथून येतो त्या बाजूच्या किनाऱ्याच्या आडोशाला.
- १५च्या वर: धक्का, पत्ते, भजी.

अंदाज बघताना फक्त आत्ताचा वारा बघू नका. पुढच्या चार तासांचा वेग आणि दिशा बघा. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तो तोंडावर असणार आहे. गडगडाट ऐकू आला की लगेच किनारा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर नाही.

सावधान: नांगर नेहमी बोटीच्या नाकाला बांधा, मागे मोटरच्या बाजूला कधीही नाही. आमच्या दुसऱ्याच सहलीत मी तो मागे बांधला, कारण मी मागे बसलो होतो आणि दोर हाताशी होता. पहिली लाट मोटरशेजारून आत आली तेव्हा सगळे हसलो. दुसरीने घोट्यापर्यंत पाणी. आमिषाच्या जळवांचा डबा तरंगत आईच्या पायाशी गेला, आई पोळीभाजीचा डबा डोक्याच्या वर धरून बसलेली. तिसऱ्या लाटेच्या आधी मी दोर सोडून दिला आणि नांगर तिथेच बुडाला. मागची बाजू बुटकी आणि मोटरच्या वजनाने खाली झुकलेली असते, नांगर तिला आणखी खाली ओढतो. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा. वीस फुटांवर शंभर फूट.

## ६. आता गळ आणि आमिष

माणशी एक साडेसहा फुटी हलका स्पिनिंग रॉड, आठ पौंडी साधी दोरी. झालं. ट्रोलिंगचे (चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याचे) महागडे रॉड, खोकंभर रंगीत नकली मासे, काहीही नको.

उन्हाळ्यात कुटुंबासाठी एकच मांडणी शिका: स्लिप बॉबरला जळू. वरून खाली क्रम असा: दोरीवर छोटी गाठ किंवा रबराचा स्टॉपर, मग मणी, मग बॉबर (तो दोरीवर मोकळा सरकतो), मग शिशाऐवजी कथलाचं छोटं वजन, त्याखाली दीड फुटावर सहा नंबरचा गळ. स्टॉपर जिथे असेल तितक्या खोलीवर आमिष थांबतं. गुंडाळताना स्टॉपर रीळमध्ये जातो आणि बॉबर खाली वजनापर्यंत सरकतो, म्हणून मुलांनाही फेकता येतं.

जळू म्हटल्यावर आपल्याकडे अंगावर काटा येतो. आमिषाच्या दुकानात मिळते ती रिबन लीच; ती रक्त पीत नाही. बोटाला चिकटेल, एवढंच. जळूच का, तर उन्हाळ्याच्या गरम पाण्यातही ती तासन्तास वळवळत राहते. छोटे मासे डब्यातच मरतात. गळ तिच्या रुंद टोकातून, चिकटण्याच्या चकतीतून घाला, म्हणजे पोहत राहते. गुंडाळून गोळा झाली तर बदला. धक्क्यावरच्या सनफिशसाठी मात्र गांडुळाचा बोटभर तुकडा.

डासांचं औषध लावून आमिषाला हात लावू नका. त्या औषधातल्या डीट नावाच्या रसायनाचा वास आमिषाला लागतो आणि डीट प्लास्टिकही खातं: बॉबर, डबे, चष्मा. आधी औषध, मग साबणाने हात, मग जळू.

## ७. पाण्यावरचे दोन तास

वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा थर असतो. अंधूक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. ही त्याची जेवणाची वेळ. शिवाय पाणी गाळून खाणाऱ्या झेब्रा शिंपल्यांमुळे मिल लॅक्सचं पाणी आता बरंच नितळ झालंय, त्यामुळे भर दुपारी तो खोलात गप्प राहतो. जूनअखेरीस तिथे सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो आणि नऊनंतर मावळतो. म्हणून वेळा दोनच: पहाटे साडेपाच ते आठ, किंवा संध्याकाळी साडेसात ते अंधार पडेपर्यंत. मुलांना दुपारी सक्तीने झोपवा आणि संध्याकाळ धरा. नऊनंतर परतायचं तर बोटीचे दिवे दुपारीच लावून बघा. रात्रीची बंदी आहे का, तेही पुन्हा एकदा.

१. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर दगडी उंचवट्याची कड शोधा. जिथे तळ दहा-बारा फुटांवरून वीस फुटांकडे उतरतो ती रेष.
२. उंचवट्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, थोडं पुढे जाऊन नांगर टाका आणि बोट मागे सरकत कडेवर येऊ द्या.
३. गळाला एक जड वजन अडकवून सोडा. बॉबर पाण्याखाली गेला तर स्टॉपर वर सरकवा. आडवा पडला तर वजन तळाला टेकलंय, खाली घ्या. तळापासून फूटभर वर आमिष हवं.
४. वजन काढा, जळू लावा, बॉबर कडेच्या दिशेने टाका.
५. वीस मिनिटं. काहीच नाही तर नांगर उचला आणि शंभर फूट पुढे जा. हट्ट धरून एकाच जागी बसणं ही दुपारी बाराला जाण्याइतकीच मोठी चूक.

बॉबर एकदम गायब झाला तर सनफिश किंवा पर्च असण्याची शक्यता जास्त. वॉलआय बहुधा हळू नेतो: बॉबर तिरका होतो, सरकतो, मग बुडतो. तीन आकडे मोजा, ढिली दोरी गुंडाळा, आणि मग रॉड वर. मुलं पहिल्या हालचालीलाच हिसका मारतात आणि जळूचा अर्धा तुकडा वर येतो.

## ८. मासा वर आला की

आधी हात ओले करा. जाळी पाण्यात धरा आणि माशाला तिच्यावर आणा; जाळीने माशाचा पाठलाग करू नका. कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, पाठीचे काटे उभे असतात आणि दात खरेच दात आहेत. त्यामुळे पकड खालून, पोटाशी. डोळ्यांत बोटं घालून उचलू नका.

मोजताना तोंड मिटलेलं, शेपटीची दोन टोकं चिमटीत एकत्र, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. अर्धा इंच "जवळजवळ" चालत नाही. शंका आली तर पाण्यात. गळ घशात गेला असेल तर ओढू नका, दोरी कापा. फोटोसाठी मासा हवेत धरायचा तो तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तितकाच वेळ.

## ९. परतताना

जिथे लांबीचे खास नियम आहेत तिथे पाण्यावर मासा कापायचा नाही. डोकं-शेपटीसकट किनाऱ्यावर आणायचा. आपल्याला हे सोयीचंच, कालवणाला डोकं लागतं. साफ केल्यावर घरी नेताना प्रत्येक फिलेवर (काटे काढलेल्या तुकड्यावर) खवल्यांसकट एक चौरस इंच कातडी राहू द्या, म्हणजे जात ओळखता येते. आतडी-काटे तळ्यात टाकायचे नाहीत, कचऱ्यात.

बोट स्वतःची असेल तर धक्क्यावरच प्लग काढा, सगळं पाणी सोडा, चिकटलेलं गवत उपटा. प्लग लावून बोट रस्त्यावर नेणं हा मिनेसोटात गुन्हा आहे. उरलेल्या जळवा पाण्यात "सोडून" देऊ नका, त्याही कचऱ्यात.

मोठ्या वॉलआयमध्ये पारा जास्त साठतो. गरोदर बाई किंवा लहान मुलं जेवणार असतील तर राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला बघून लहान मासेच ठेवा. वॉलआयला काटे फारच कमी आणि मांस पांढरं, मऊ. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास, वरून रवा. तेल चांगलं तापू द्या आणि एकदाच उलटा. दोनदा उलटलात तर तुकड्यांचा चुरा होतो.